आईची लुगडी, सहा गोधड्या: हाताने शिवू की मशीनवर?

अबोली_कराड
१४ जून, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई माघात गेली. वैशाखात आम्ही तिघं भावंडं जमलो तेव्हा तिची लोखंडी ट्रंक उघडली. आत चार इरकली नऊवारी आणि सात सुती पाचवारी, घड्या अगदी इस्त्री केल्यासारख्या, मध्ये डांबरगोळ्या. वाटून घ्यायचं कुणाच्या मनात येईना. धाकटी वहिनी म्हणाली, नातवंडं सहा आहेत, सहा गोधड्या करू. सगळ्यांना पटलं आणि "ताईला शिवता येतं" म्हणून ट्रंक माझ्या घरी आली.

शिवता येतं म्हणजे काय, तर लहानपणी मी सुया ओवून द्यायचे. उन्हाळ्यात दुपारी माजघरात लुगडी अंथरली जायची, चार बायका चार बाजूंनी बसायच्या, आणि मी बारा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवायचे. संपल्या की पुन्हा बारा. धावदोरा मी घातलाय, पण आईने तो दोनदा उसवायला लावलाय, तेव्हा माझं कसब किती ते समजा.

अडचण अशी की माझ्या उजव्या मनगटाची नस दबलेली आहे. डॉक्टरांनी सुई-विणकाम सलग अर्ध्या तासाच्या वर करायचं नाही असं बजावलंय. घरात सासूबाईंची काळी पायमशीन आहे, ब्लाऊज आणि फॉल त्यावर उत्तम होतात. भाऊ म्हणतो, "दे कुठल्यातरी कारखान्यात, दोन दिवसांत सहाच्या सहा." मावशी म्हणते, "मशीनची गोधडी म्हणजे पुठ्ठा. अंगावर घेतली तर उभी राहील."

मला विचारायचंय ते असं. इतक्या वर्षांच्या जुन्या कापडावर मशीनची शिलाई टिकते का? पायमशीनच्या पायाखाली तीन-चार थर सरकतात का? की गोधडी शिवायची वेगळी मशीन विकत घ्यावी? भाचीचं पहिलं बाळ भाद्रपदात यायचंय, तेव्हा निदान एक तरी तोवर हवी.

---

नर्मदा_पेठ
१४ जून, रात्री ११:१५

हाताने. प्रश्नच नाही.

मशीनवर शिवलेली गोधडी आणि बाजारातली रजई यात फरक काय उरला? गोधडीला जी सुरकुती पडते, बारीक लाटांसारखी, ती हातटाक्याचीच. दोऱ्याला थोडी ढील असते म्हणून कापड श्वास घेतं. बेळगावात असताना हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहिली होती. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे मारत आत आत येतात आणि मधोमध संपवतात. चारी कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली त्रिकोणी फुलं. ही काय मशीनवर करायची गोष्ट आहे?

मनगट दुखतं तर सावकाश करा. घाई कुणाला आहे?

---

अबोली_कराड
१४ जून, रात्री ११:२२

बाळाला आहे हो, नर्मदाताई.

---

खटपट्या
१५ जून, सकाळी ७:०५

शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही. पण काल रात्री आमच्या हिच्या शेजारी घड्याळ लावून बसलो (शिव्या खाल्ल्या), त्यामुळे थोडं गणित मांडतो.

गोधडी ५ बाय ७ फूट धरली. दोन शिलायांत एक इंच अंतर म्हणजे ७ फुटी ६० ओळी, म्हणजे ४२० फूट धावदोरा. मीटरमध्ये १२८. चौकोनी फेरे मारले तरी लांबी साधारण तेवढीच भरते, करून पाहिलं. हिचा वेग तासाला १६ फूट पडला, चहा धरून. म्हणजे एका गोधडीला सव्वीस तास. तुम्हाला दिवसाला अर्धा तास मुभा आहे, तेव्हा ५२ दिवस. सहा गोधड्यांना ३१५ दिवस, एकही सुट्टी न घेता. बाळ चालायला लागेल.

पायमशीनवर ७ फुटांची ओळ, वळवणं-सावरणं सगळं धरून ६ मिनिटं लागली. ६० ओळी म्हणजे ६ तास. दोरा मात्र मशीन जास्त खाते. हाताला दीडशे मीटर पुरेल तिथे मशीनला वरचा आणि बॉबिनचा मिळून सव्वातीनशे मीटर. बॉबिन तीन-चारदा भरावी लागेल.

आता कापड. नऊवारी ९ वार लांब, सव्वा वार पन्हा, म्हणजे सव्वाअकरा चौरस वार. चार लुगड्यांचे ४५. पाचवारी साधारण ६ वार धरली तर साडेसात, सातांचे साडेबावन्न. एकूण साडेसत्त्याण्णव. विरलेला भाग आणि पदर मिळून पाव हिस्सा वजा करा, ७३ उरले. एका गोधडीच्या एका थराला जवळजवळ ४ चौरस वार लागतात, सहांच्या एका थराला २४. म्हणजे आईंच्या कापडाचे प्रत्येक गोधडीत तीनच थर बसतात. चौघडी करायची तर चौथा थर बाहेरून आणावा लागेल.

चुकलं असेल तर सांगा. ही म्हणते, "त्यापेक्षा त्यांच्या चार ओळी घालून दिल्या असत्यास तर बरं."

---

वाकळवाली
१५ जून, दुपारी २:३०

अबोलीताई, मी वाळवा तालुक्यातली. आम्ही पाच जणी वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवतो, ऑर्डर घेऊन. हातानेही शिवतो, मशीनवरही शिवतो. दोन पायमशीन आणि एक जुकी (कारखान्यातली विजेची मशीन) आहे. त्यामुळे मावशींची बाजूही ठाऊक आहे आणि भावाचीही.

पहिल्यांदा टिकण्याचं बघा. धावदोरा म्हणजे एकच दोरा, वर-खाली जातो. तो कुठं तुटला की दोन्हीकडनं वीतभर ढिला पडतो. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा आणि बॉबिनचा, कापडाच्या पोटात एकमेकांत अडकलेले. एक तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. वॉशिंग मशीनमध्ये पिळून निघायचं असेल तर मशीनची शिलाई जास्त तग धरते, हे मी गिऱ्हाइकांच्या परत आलेल्या वाकळांवरनं सांगते. दुरुस्तीला येतात त्यात हाताच्याच जास्त. आणि कुठं तुटतात सांगू? पायाकडच्या बाजूला. जोडवी आणि पैंजण लांब टाक्यात अडकतात, रात्री कूस बदलली की खटकन. बाळाचं बोटही अडकतं तसंच. मशीनचा टाका कापडाला घट्ट चिकटून असतो, त्यात काही शिरत नाही. हा फायदा कुणी बोलत नाही, सगळे नुसतं "लवकर होतं" एवढंच बोलतात.

पण मावशी म्हणतात तो पुठ्ठाही खरा. तो मशीनमुळं नाही होत, शिवणाऱ्यामुळं होतो. ब्लाऊजला घालतो तसा बारीक टाका घालायचा, त्यात पॉलिस्टरचा दोरा, आणि ओळी अर्ध्या इंचावर. मग ती उभीच राहणार. टाका मोठा करा, मशीनवर जेवढा मोठा होतो त्याच्या एक घर अलीकडे. ओळी दोन इंचांवर, नाहीतर चार बोटांवर. दोरा सुती. जुनं कापड आणि नवा चिवट दोरा ही जोडी बरी नव्हे. ताण पडला की दोरा तुटत नाही, कापड चिरतं. सुती दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. चिरलेलं लुगडं कुठनं आणणार?

बारीक टाक्याचा दुसरा तोटा: विरलेल्या सुताला सुईनं भोकं पाडत गेलं की तिकिटाच्या कडेसारखं होतं, ओढलं की त्या रेषेत फाटतं. म्हणून नखानं तपासा. कापड उजेडात धरा, जिथं जाळी दिसते तो भाग मधल्या थरात टाका. चांगला भाग वर. खाली नवं मांजरपाट (कोरं जाडंभरडं सुती कापड) लावा, म्हणजे खटपट्यादादांचा चौथा थर मिळाला आणि मशीनच्या दात्यांना धरायला दणकट कापड मिळालं. मांजरपाट आधी धुऊन वाळवून घ्या, ते आटतं.

इरकलीचा पदर कापून बाजूला ठेवा. अंग सुती आणि पदर रेशमी, जोडलेला असतो. दोन्ही एकत्र शिवलं की धुतल्यावर एक आकसतं, दुसरं नाही.

आता तुमच्या पायमशीनचं. चालेल. पण सुई १६ नंबरची घाला, नवी. फुटाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब थोडा कमी करा. कापड सरकणारच, कारण खालचे दाते खालचा थर पुढं ओढतात आणि वरचा फूट वरच्या थराला मागं धरतो. तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा. आणि हे महत्त्वाचं: हाताची वाकळ कडेपासून आत शिवतात, मशीनवर मधनं सुरू करून बाहेर जायचं. मधली एक ओळ, मग तिच्या उजवीकडं, मग डावीकडं. कडेपासून सुरू केलंत तर सगळी सुरकुती मध्ये गोळा होऊन पोट सुटतं.

नवी मशीन घेऊ नका. सहा वाकळांसाठी कोण मशीन घेतं?

कारखान्याचं म्हणाल तर तिथली मशीन पुष्कळ सुयांची, एका वेळी सगळ्या ओळी पडतात. गादीच्या खोळी, जाकिटाचं अस्तर त्यावर होतं. नव्या, एकसारख्या, ताग्यातल्या कापडाला ती. तुमचे तुकडे ती घेणार नाहीत. शिवाय काहींचा टाका साखळीचा असतो, एक टोक सुटलं की पोत्याचं तोंड उघडावं तसं सरसर उसवत जातं.

---

पाचूबेट
१५ जून, रात्री ९:५०

वाकळवालीताईंना दंडवत. मी एडिसन, न्यू जर्सीहून. इथे क्विल्टिंग, म्हणजे इकडची गोधडी शिवणं, हा छंद म्हणून फार मोठा आहे, आणि हात की मशीन हा वाद इथेही घालून झालाय. केंटकीत पडूका नावाचं गाव आहे, तिथे दरवर्षी क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं. १९८९ साली तिथला सर्वोच्च मान पहिल्यांदा मशीनवर शिवलेल्या क्विल्टला मिळाला, कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या. सूर्यग्रहणाचं चित्र होतं. हातवाल्यांनी बरीच नाकं मुरडली. आता कुणी विचारतही नाही, दोन्ही चालतं.

इथे लाँगआर्म मशीन तासाच्या भाड्याने मिळते. घरच्या मशीनवर सुई आणि खांबाच्या मधली जागा सहा-आठ इंच. त्यात अख्खी गोधडी गुंडाळून कोंबावी लागते आणि खरा त्रास तोच. लाँगआर्मला ती जागा दीड-दोन फूट. दहा-बारा फुटांच्या चौकटीवर कापड रुळांना ताणून लावतात आणि कापड जागच्या जागी राहून मशीनच रुळांवरून फिरते. दोन्ही हातांनी मूठ धरून चित्र काढल्यासारखं शिवायचं. मनगटावर ताण जवळजवळ नाही. मोठ्या गोधडीचं काम मी एका दुपारी संपवलंय.

पण. (यासाठीच लिहितेय.) आजीची साडी मी हौसेने लाँगआर्मवर चढवली. रुळावर ताण दिला आणि घडीच्या रेषेवर साडी टर्रकन उभी फाटली. ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड त्या रेषेत मरतं. चूक माझी, दुकानातल्या बाईने दोनदा विचारलं होतं कापड किती जुनं आहे म्हणून. तेव्हा अबोली, आधी सगळ्या साड्या उलगडून घडीच्या रेषा बघ.

---

अबोली_कराड
२२ जून, संध्याकाळी ६:१०

पाचूबेट, तू म्हणालीस म्हणून बघितलं. अकरापैकी तीन साड्या घडीवर गेल्यात. त्यातली एक जांभळी, बुट्ट्यांची, जी मी आईच्या अंगावर सगळ्यात जास्त पाहिलेली. ती मधल्या थरात जाणार म्हणून वाईट वाटतंय. बाहेरून दिसणारच नाही.

नमुना शिवून पाहिला, हातभर चौकोन. वाकळवालीताई, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, १६ नंबर सुई, सुती दोरा, मधून बाहेर. तरी वरचा थर पुढे ढकलला जातोय आणि ओळीच्या शेवटी बोटभर कापड जास्त उरतंय. फुटाचा दाब कमी करायचा स्क्रू गंजून बसलाय.

---

वाकळवाली
२२ जून, रात्री ८:४५

स्क्रूला तेल सोडा, रात्रभर राहू द्या. नाही फिरला तर वॉकिंग फूट बसवा. त्याला वरनंही दाते असतात, सुई वर-खाली होते तसे तेही चालतात, म्हणजे वरचं आणि खालचं कापड एकाच चालीनं पुढं जातं. त्याची एक दांडी सुईच्या स्क्रूवर बसते. काळ्या मशीनला बुटक्या मापाचा लागतो. दुकानात जाताना जुना फूट काढून सोबत न्या, मापाचे घोटाळे होतात. सात-आठशेपर्यंत मिळावा.

आणि एक. गोधडी मशीनवरनं खाली लोंबू देऊ नका. वजनानं ती मागं ओढते, मग टाका कुठं बारीक कुठं मोठा. डावीकडं टेबल लावा किंवा माणूस बसवा.

जांभळी साडी मध्ये घाला. झिजत झिजत वरचा थर विरला की ती दिसायला लागते. आमच्याकडं जुन्या वाकळेला ठिगळ लावायला घेतो तेव्हा खालनं कुठलं लुगडं निघतंय ते घरातल्या म्हाताऱ्या आधी बघतात.

---

नर्मदा_पेठ
२२ जून, रात्री ९:३०

वाकळवाली, तुमचं जोडव्यांचं पटलं. माझी स्वतःची दोनदा अडकलीत. तरी बाळाचं दुपटं तरी हाताने करा, अबोली. एवढ्याशा कापडाला किती वेळ लागतो!

---

खटपट्या
२२ जून, रात्री ९:४१

३ बाय ३ फूट, इंचावर ओळी, १०८ फूट, पावणेसात तास. अर्ध्या तासाने चौदा दिवस. होईल.

---

अबोली_कराड
१९ ऑक्टोबर, दुपारी ४:००

चार महिन्यांनी येतेय, रागावू नका. हकीकत सांगते.

बाळाचं दुपटं हाताने केलं, नर्मदाताई. दोन पाचवारींच्या मऊ भागातून, तीन थर. टाके बारीक घातले, तांदळाएवढे, बोट अडकू नये म्हणून. खटपट्यांचे चौदा दिवस माझे एकवीस झाले, कारण मध्ये मनगटाने दोनदा संप केला. मुलगी झाली. दुपटं तिच्या खाली अंथरलेलं असतं आणि तिने त्यावर जे काही करायचं ते सगळं केलंय. भाची ते रोज वॉशिंग मशीनमध्ये टाकते. परवा बघितलं तर एका बाजूचे दोन दोरे तुटलेत. मी काही बोलले नाही. पुन्हा घालून दिले.

बाकीच्या गोधड्या मशीनवर घेतल्या. वॉकिंग फूट इथे मिळाला नाही, कोल्हापूरहून आणवला. तो बसवल्यावर जो फरक पडला तो सांगता येत नाही. आधी मी कापडाशी भांडत होते, मग नुसतं पाय हलवत होते. मनगटाला ताण जवळजवळ नाही, काम पायाचं आणि दोन्ही तळव्यांचं, कापड पसरून धरायचं. सलग दीड तास बसू शकले. हाताने पंधराव्या मिनिटाला मुंग्या येतात तिथे दीड तास! माझ्यासारखीला मशीनमुळे वेळ वाचतो हे दुय्यम आहे हो. तिच्याशिवाय या गोधड्या झाल्याच नसत्या, ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली असती.

आता चुका. पहिल्या गोधडीला मांजरपाट धुवायचं राहिलं. (वाकळवालीताई, तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. वाचलंही होतं.) शिवून झाल्यावर धुतली तर अस्तर आटलं आणि वरची साडी सगळीकडे फुगून आली, छोट्या छोट्या उशा ठेवल्यासारखी. मी रडकुंडीला आले. ज्याच्यासाठी होती तो भाचा म्हणाला, "मला हीच पाहिजे, मऊ लागतेय." तर ती गेली.

दुसऱ्या गोधडीला सुरुवातीच्या चार ओळी भलत्याच तिरक्या गेल्या. खडूने रेषा मारल्या होत्या, पण पिना काढता काढता पुसल्या गेल्या. मग साडीच्या काठालाच रेषा मानलं आणि फुटाची कड त्याच्याशी ठेवून चालवलं. इरकलीचा काठ सरळ असतो, तो चुकत नाही.

आणि तुम्ही म्हणालात "माणूस बसवा", तर भाऊ बसवला. "दोन दिवसांत सहाच्या सहा" म्हणणारा तोच. गोधडीचं गुंडाळलेलं ओझं खांद्यावर घेऊन मशीनच्या डावीकडे स्टुलावर बसायचा आणि मी "सोड" म्हटलं की वीतभर सोडायचा. दर रविवारी साताऱ्याहून यायचा. पहिल्या दिवशी फोन बघत होता. तिसऱ्या रविवारी मला सांगायला लागला की ही हिरवी साडी आईने माझ्या मुंजीत घेतली होती. मुंजीत नव्हती, दादाच्या लग्नात होती, त्यावरून आमचं भांडण झालं. मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली तुम्ही दोघंही चुकताय, ती साडी तिचीच, तिने आईला दिलेली.

आईच्या वेळी चार बायका चार कोपऱ्यांना बसायच्या, तसं यात होणार नाही असं मला वाटलं होतं. मशीनपाशी एकटीनेच बसायचं असतं ना. पण या पायमशीनवर मोठी गोधडी एकटीने होतच नाही.

मावशीला चौथी गोधडी दाखवली. ओळी चार बोटांवर ठेवलेल्या, टाका मोठा. अंगावर घेऊन बघितली, उलटी करून बघितली, टाक्यावरून नख फिरवलं. "पुठ्ठा नाही," म्हणाली. एवढंच. मग कडेला हाताने एक धावदोऱ्याचा फेर घालून दिला, लाल दोऱ्याने, न विचारता. आता बाकीच्यांना पण तो हवाय. तर मशीनच्या ओळी आत आणि कडेने लाल हातशिलाईचा एक फेर, असं ठरलंय. एक फेर म्हणजे चोवीस फूट, माझ्या हिशेबाने तीन दिवस, मनगटाला झेपेल. एकाला मी, एकाला वहिनी. भावानेही एक घातलाय. त्याचे टाके कुठे बोटभर आहेत, कुठे दोन बोटं, त्यात नक्कीच कुणाची जोडवी अडकणार.

दुपटं धरून पाच झाली, सहावी अर्धी मशीनवर आहे.

आता एकच विचारायचंय. चार इरकली पदर उरलेत, रेशमी. एक डाळिंबी आहे, तीन लाल. टाकवत नाहीत, वापरताही येत नाहीत. त्यांचं काय करू?

---

पाचूबेट
१९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

किती छान गं. भावाचा टाका उसवू नकोस.

पदरांच्या उश्या मात्र करू नकोस, रेशीम डोक्याखालून घसरतं. भिंतीवर लावायला एकत्र जोडता येतील.

---

वाकळवाली
१९ ऑक्टोबर, रात्री ९:००

मांजरपाटाबद्दल काही बोलत नाही. आमच्यातही एकीनं गेल्या महिन्यात तेच केलंय, आणि ती दहा वर्षं शिवतेय.

पदराचं. डाळिंबी बाळासाठी ठेवा, पहिल्या दिवाळीला कुंची होईल. लाल तिन्ही लांबीत एकाला एक जोडून हलकी दुलई करा, खाली सुती अस्तर, मध्ये काही नको. अस्तर धुऊन घ्या! आणि ती हातानेच, बारीक सुईनं, दहा-दहा मिनिटं. सुताला पडलेलं सुईचं भोक पाण्यात गेलं की बुजतं, रेशमाचं बुजत नाही. तिथं मशीनची एक ओळ वाकडी गेली आणि उसवली तर ती कायम दिसत राहील.